क्लब आधी थकतात

करार करून, पगार घेऊन तो पाच क्लबांकडून फुटबॉल खेळला. त्यातले चार क्लब आज नाहीत. पाचवा आहे, पण त्याने सीनियर संघ गुंडाळून नुसती पोरांची अकादमी ठेवली आहे. "मी कुठं रिटायर झालोय? माझे क्लब झाले," असं तो म्हणतो आणि आपणच हसतो. वाक्य घोटून गुळगुळीत झालेलं आहे; बऱ्याच जणांना ऐकवून झालं असणार.

वय ३४, जागा सेंटर बॅक, गाव कोल्हापूर. नाव छापायचं नाही ही त्याची पहिली अट. पेठही नको, कारण कोल्हापुरात पेठ सांगितली की नाव सांगितल्यात जमा. शिवाय एका क्लबकडून येणं बाकी आहे आणि दुसरीकडून फोन येईल अशी आशा आहे. दोन्हींच्या आड हा लेख यायला नको.

'दुसरी फळी' हा अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा मला असलीच माणसं आठवली. टीव्हीवर दिसणाऱ्या इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या खाली आय-लीग आहे. तिच्याखाली आय-लीग टू आणि थ्री, मग राज्याराज्यांच्या लीग, कंपन्यांचे आणि खात्यांचे संघ. या सगळ्याला समांतर गावोगावचा पैशांचा फुटबॉल चालतो, तो वेगळाच. या थरात शेकडो माणसं निव्वळ पायांवर पोट भरतात. त्यांचा फुटबॉल चांगला की वाईट, हा वाद मला घालायचा नव्हता. त्यांचं घर कसं चालतं ते बघायचं होतं.

तालमीचा पैसा

मे महिन्यातली दुपार. शाहू स्टेडियमच्या पायऱ्या इतक्या तापलेल्या की लोक वर्तमानपत्र अंथरून बसतात, आणि तरीही जागा मिळवायला तासभर आधी येतात. सामना दोन पेठांचा होता. गेटाबाहेर मोटारसायकलींची रांग, आत ढोल, आणि दोन बाजूंच्या प्रेक्षकांमध्ये पोलिसांनी राखलेली मोकळी पट्टी. गेल्या काही वर्षांत सामन्यानंतरच्या हाणामाऱ्यांनी कोल्हापूरच्या फुटबॉलचं नाव जितकं वर्तमानपत्रांत आलं, तितकं खेळानं आलं नाही, ही इथल्या जुन्या खेळाडूंची तक्रार आहे आणि ती खरी आहे.

तो मैदानाच्या कडेला बसून पाय बांधत होता. क्लबने दिलेल्या स्टॉकिंगचा पावलाकडचा भाग त्याने कात्रीने कापून टाकलेला. पावलात वेगळा, तळव्याला रबरी ठिपके असलेला मोजा, बुटात पाय सरकू नये म्हणून. नडगीवर ती नळीसारखी उरलेली स्टॉकिंग. दोन्ही जिथं मिळतात तिथं टेप. ही टेप इलेक्ट्रिकच्या दुकानातली, वायरिंगची. स्पोर्ट्सच्या दुकानातली महाग, आणि घामानं सुटते म्हणे. तीन वेढे घोट्याच्या वर, एक पोटरीखाली, आणि टोक दातानं तोडून अंगठ्यानं दाबायचं. शेजारचा १९ वर्षांचा पोरगा बघत होता. त्यालाही त्याने टेप फेकली. "जास्त आवळू नको. हाफटाइमला पाय झोपतोय."

कोल्हापुरातले संघ म्हणजे मूळच्या तालमी. शाहू महाराजांच्या काळापासून कुस्तीसाठी नावाजलेल्या या तालमींनी पुढे चेंडूही उचलला आणि संघांना नावंही तीच राहिली: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. सोबत शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या वरिष्ठ गटाच्या लीगमध्ये १६ संघ असतात. लीग संपली की चषकांचा हंगाम, आणि बऱ्याच चषकांना राजकीय नेत्यांचं नाव किंवा पाठबळ. हंगामाच्या तोंडावर केएसएत खेळाडूंची नोंदणी होते. त्या दिवसांत कोण कुठल्या तालमीत चालला, कुणी कुणाचा खेळाडू फोडला, याची चर्चा चहाच्या गाड्यांवर निवडणुकीसारखी रंगते. बाहेरचे आणि परदेशी खेळाडू किती घ्यायचे याचेही नियम आहेत. नायजेरियाचा स्ट्रायकर कोल्हापूरच्या गल्लीत मिसळ खाताना दिसला, तर आता कुणी वळून बघत नाही.

पैसा कुठून येतो? वर्गणी, पेठेतला बांधकाम व्यावसायिक, माजी नगरसेवक, आजी नगरसेवक, परदेशात गेलेला गल्लीतला पोरगा. हिशोब वहीत. खेळाडूशी कागदावर फारसं काही ठरत नाही. हंगामाची रक्कम तोंडी ठरते, अर्धी आधी, अर्धी नंतर.

इथं मला वाटलं होतं की आता तो बुडवलेल्या पैशांच्या कथा सांगेल. त्याने उलटंच सांगितलं. "तालमीनं माझा एक रुपाया बुडवला न्हाई. बुडवून जाणार कुठं? सेक्रेटरीचं घर माझ्या घरापास्नं चार दारं. त्याची आई माझ्या आईला रोज भेटतीय." पैसे थकले ते छापील करारावर, कंपनीच्या शिक्क्याखाली.

नोकरी देणारा फुटबॉल

अठराव्या वर्षी तो मुंबईला गेला तो एका कंपनीच्या संघात, स्टायपेंडवर. उपनगरातल्या एका खोलीत सहा जण. सकाळी सराव, दुपारी झोप, हंगामात सामने. आशा एकच: दोन-तीन वर्षं चांगलं खेळलं की नोकरी पक्की होते. त्याच्या वडिलांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण 'पर्मनंट' एवढं कळत होतं.

मुंबईचा फुटबॉल अनेक दशकं या एका शब्दावर उभा होता. एअर इंडिया, ओएनजीसी, आरसीएफ, बँक ऑफ इंडिया, सेंट्रल बँक, दोन्ही रेल्वे, कस्टम्स, महाराष्ट्र पोलिस. हार्वुड लीग १९०२ पासूनची. रोव्हर्स चषक त्याहून जुना, १८९१ चा, नव्या शतकाच्या तोंडावर बंद पडला. कूपरेजच्या मैदानावर खेळणारा खेळाडू सकाळी सही करून सरावाला जायचा आणि चाळिशीत त्याच खात्यात टेबलामागे बसायचा. पगार लहान, पण साठीपर्यंतचा.

अशाच एका निवृत्त खेळाडूशी कूपरेजच्या बाहेर गप्पा झाल्या. बँकेत लागला, बँकेतूनच निवृत्त झाला. डाव्या बगलेतून खेळायचा. संघाचे सामने बघायला अजून येतो, हातात छत्री आणि डबा. "आमच्या अकरांत इंडिया खेळलेला एकही नाही," तो म्हणाला, "पण अकराच्या अकरांची घरं झाली. डोंबिवली, विरार, एक जण ठाण्यात. मुलं शिकली. आता सांगा, करिअर कुणाचं झालं?"

या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. नोकरी पक्की झाली की पाय जड होतात, हे तिथलेच लोक कबूल करतात. भरती संघाच्या गरजेवर नाही, खात्याच्या जागांवर चालायची. जागा निघाल्याच नाहीत तर चांगला खेळाडू स्टायपेंडवर झिजत राहायचा. तरी याच मातीत एअर इंडियाच्या बिमल घोष यांच्यासारखे प्रशिक्षक पिढ्या घडवत राहिले. घोष यांना २०२२ साठीचा द्रोणाचार्य जीवनगौरव मिळाला, तेव्हा त्यांचा संघ राष्ट्रीय लीगमधून जाऊन नऊ वर्षं झाली होती.

गेला कसा? १९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली, २००७ मध्ये तिची आय-लीग झाली, आणि आशियाई महासंघाने क्लबांसाठी परवान्याच्या अटी घातल्या. क्लब ही स्वतंत्र संस्था हवी, तिचे हिशोब वेगळे हवेत, खेळाडूंशी व्यावसायिक करार हवेत, खालच्या वयोगटांचे संघ हवेत. अट म्हणून एकेक वाक्य रास्त आहे. पण कंपनीच्या क्रीडा विभागातून चालणारा संघ या चौकटीत बसणारच नव्हता. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी, दोन्ही आय-लीगमधून बाहेर झाले. त्याआधी २०१० मध्ये महिंद्रा युनायटेड बंद झाला होता. १९६२ चा हा संघ डेरिक परेरा यांच्या हाताखाली २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता ठरला होता, आणि चारच हंगामांनी त्याच्या मालकांनी तो मोडला.

खेळाडू व्यावसायिक झाला, ही प्रगतीच. पण त्याच्या हातातून नोकरी गेली आणि बदल्यात जो क्लब आला त्याला आयुष्य नव्हतं. माझा या सगळ्या प्रकारावरचा राग या एका ठिकाणी आहे.

पुण्यात पाट्या बदलत गेल्या

आपला सेंटर बॅक एकविसाव्या वर्षी स्टायपेंड सोडून निघाला. पुण्याच्या एका क्लबने कित्येक पट पगार देऊ केला होता; शिवाय राहायला फ्लॅट, जेवण, फिजिओ. "वडील महिनाभर बोलले न्हाईत. पहिला पगार दाखवला तवा म्हणाले, बरं."

ते दिवसच तसे होते. पुणे एफसी २००७ चा, पिरामल समूहाचा. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन २०१२-१३ मध्ये त्याने आय-लीगमध्ये दुसरा क्रमांक पटकावला. बालेवाडीच्या मैदानावर सामने व्हायचे आणि अकादमीचं नाव देशभर होतं. २०१४ मध्ये कल्याणी समूहाचा भारत एफसी आला. डीएसके शिवाजियन्सने लिव्हरपूलशी जोडलेली निवासी अकादमी काढली आणि २०१५-१६ मध्ये थेट आय-लीगमध्ये प्रवेश घेतला. त्याच सुमारास आयएसएल सुरू होऊन एफसी पुणे सिटीही उभा राहिला. एका शहरात एवढे व्यावसायिक संघ. पुण्याला फुटबॉलची राजधानी म्हणायलाही काही जण लागले होते.

भारत एफसी एकच हंगाम खेळला. पुणे एफसी २०१४-१५ नंतर मैदानात उतरला नाही, त्याची अकादमी पुढे पुणे सिटीने घेतली. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये संपला. मुंबईचा मुंबई एफसी त्याच वर्षी आय-लीगमधून खाली घसरला आणि मालकांनी कुलूप लावलं. एफसी पुणे सिटीची फ्रँचायझी २०१९ मध्ये हैदराबादला गेली. २०२३-२४ च्या हंगामात आय-लीगमध्ये १३ संघ खेळले, त्यात महाराष्ट्राचा एकही नव्हता. पुढच्या हंगामातही नव्हता. आयएसएलमध्ये मुंबई सिटी आहे, तेवढाच.

शेजारी गोव्यात दुःखाचा बाज वेगळा, कारण तिथले क्लब कुणाच्या जाहिरातीसाठी जन्मलेले नव्हते. आयएसएलला अव्वल लीग करून आपल्याला खालच्या पायरीवर ढकलण्याचा घाट दिसल्यावर २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले, पाठोपाठ धेंपो. धेंपोच्या नावावर राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच विजेतेपदं होती. हा क्लब संपला नाही, गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि आय-लीग टूमधून चढून २०२४-२५ मध्ये आय-लीगला परतला. पण २०१६ मध्ये २५ वर्षांचा असलेला खेळाडू तोवर ३३ चा झाला होता. क्लबला आठ वर्षं थांबता येतं.

"बंद पडला ते कळतं कसं?" मी विचारलं.

"पयला फिजिओ जातो. मग जेवणातली अंडी कमी होतात. मग मॅनेजर फोन उचलायचा बंद होतो. शेवटी व्हॉट्सअॅपवर इंग्लिशमध्ये मेसेज, ऑल द बेस्ट म्हणून."

कराराचा कागद

त्याच्याकडचा एक जुना करार मी वाचला. क्लबचं नाव त्याने अंगठ्याखाली धरलं होतं. मुदत नऊ महिने. फिफाच्या नियमांत करार कमीत कमी हंगामाच्या अखेरपर्यंतचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. खालच्या लीगमध्ये पाचाचं कुणी नावही काढत नाही. म्हणजे वर्षातले तीन महिने पगार नाही, तेही सगळं सुरळीत असेल तर. त्या तीन महिन्यांत व्यायाम सुरू ठेवायचा, खुराक सुरू ठेवायचा, आणि जूनपासून फोनची वाट बघायची.

फोन एजंटचा येतो. "सीव्ही पाठव, व्हिडिओ पाठव." व्हिडिओ हा या धंद्यातला मोठा खर्च आणि मोठी अडचण. स्ट्रायकरचे गोल कापून जोडता येतात. सेंटर बॅकने योग्य जागी उभं राहून जो धोका होऊच दिला नाही, त्याचा व्हिडिओ कसा काढणार? म्हणून बचावपटूंच्या व्हिडिओत नुसत्या स्लायडिंग टॅकल असतात. जाणता प्रशिक्षक ते बघून म्हणतो, एवढ्या वेळा जमिनीवर पडावं लागलं म्हणजे याची जागा चुकते. हे सांगताना मात्र तो मनापासून खुलला. पुढचा अर्धा तास त्याने मला टेबलावरच्या बशा आणि कप मांडून बचावाची रेषा कशी सरकते ते दाखवलं. स्ट्रायकर पाठीमागे धावायला लागला की नजर चेंडूवर ठेवायची की माणसावर? त्याचं उत्तर होतं, चेंडू मारणाऱ्याच्या कंबरेवर. कंबर वळली की पास लांबचा.

पगार थकला तर काय? फिफाचा नियम खेळाडूच्या बाजूचा आहे. दोन महिन्यांचे पगार बेकायदा थकवले, तर १५ दिवसांची लेखी मुदत देऊन करार मोडता येतो. तक्रारीसाठी भारतीय फुटबॉल महासंघाची समिती आहे, खेळाडूंची संघटनाही आहे. पण जमिनीवर गणित निराळं. एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी करता येते आणि त्यांतल्या दोघांकडूनच अधिकृत सामने खेळता येतात. नोटीस दिलीच, तर पुढचा क्लब विचारतो, आधीचा का सोडला? भांडखोर असा शिक्का बसला की एजंटही टाळतात. आणि ज्या क्लबकडून येणं आहे तो क्लबच बंद पडला, की हातात निकाल असूनही वसुली कुणाकडून करणार? म्हणून बहुतेक जण गप्प बसून हंगाम पुरा करतात. त्याच्या एका येण्याला आता सहा वर्षं होतील. दर दिवाळीला तो त्या जुन्या मॅनेजरला शुभेच्छांचा मेसेज पाठवतो. पैशांचं नाव काढत नाही. समोरून हात जोडल्याचं चित्र येतं.

गुडघा

सत्ताविसाव्या वर्षी त्याच्या उजव्या गुडघ्यातला एसीएल हा स्नायुबंध तुटला. कुणी धक्का दिला नाही. हेडिंगसाठी उडी मारली, एका पायावर उतरला, गुडघा आत वळला. "आवाज आला. मला वाटलं बूट फाटला."

या दुखापतीवर शस्त्रक्रिया होते, मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध काढून तो नवा दोर म्हणून बसवतात. त्यानंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने, कधी वर्ष. करार नऊ महिन्यांचा, हे लक्षात घ्या. वरच्या लीगमधला क्लब खेळाडूवर पैसा लावून बसलेला असतो, तो शस्त्रक्रिया करतो, फिजिओ देतो, थांबतो. खालच्या लीगमध्ये करार संपतो आणि बरं होणं हा खेळाडूचा खासगी प्रश्न होतो. विमा होता, पण त्याने शस्त्रक्रियेचा काही भाग झाला. नंतरचे सहा महिने फिजिओकडे जायचे पैसे बायकोच्या पगारातून गेले. ती नर्स आहे. पहिले काही आठवडे मांडीचा स्नायू आकसू नये म्हणून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो दाबत राहायचा व्यायाम असतो. तो ती रात्रपाळीहून आली की करून घ्यायची. दोनशे झाले की झोपायची.

या मुलाखतीत सर्वांत कमी बोलली ती, आणि सर्वांत मुद्द्याचं तिनेच विचारलं: "तुम्ही लिहिणार ते वाचून कुणी पोराला फुटबॉलला घालायचं थांबेल का?" मी म्हटलं, नाही. "मग बरं," ती म्हणाली. त्यांचा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि रोज सरावाला जातो.

फिफा मंजेरी

गुडघ्यानंतर अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये त्याला कुणी विचारेना. एका जुन्या मल्याळी सहकाऱ्याने मलप्पुरमला बोलावलं.

मलबारचा 'सेव्हन्स' हा सात-सात जणांचा फुटबॉल. पावसाळा सरला, भातं निघाली, की मलप्पुरम, कोळिकोड, पालक्काड, त्रिशूर या भागांत मोकळ्या रानांवर तात्पुरत्या गॅलऱ्या उभ्या राहतात आणि दिव्यांच्या उजेडात रात्री सामने सुरू होतात. तिकीट काढून हजारोंनी माणसं येतात. आफ्रिकेतून आलेले खेळाडू इथले तारे. 'सुदानी फ्रॉम नायजेरिया' हा २०१८ चा मल्याळम चित्रपट त्यांच्यावरच आहे. महासंघाच्या लेखी ही सगळी स्पर्धा अमान्य. नोंदणीकृत व्यावसायिक खेळाडूने इथं खेळणं म्हणजे कारवाई ओढवून घेणं. इथल्या एका नामांकित संघाचं नाव मात्र 'फिफा मंजेरी' आहे. ही गंमत मला फार आवडली.

हिशोब रोखीचा. सामना झाला की पैसे. आज एका गावात, उद्या दुसऱ्या. हंगामात आठवड्याचे चार-पाच सामनेही होतात. गुडघ्याच्या डॉक्टरांनी हे ऐकलं असतं तर त्यांनी हात टेकले असते. कडक जमीन, लहान मैदान, सतत वळणं. पण दोन हंगामांत त्याने शस्त्रक्रियेचं कर्ज फेडलं. "करारात असताना पगाराची वाट बघायचो. तिथं रात्री अकराला पाकीट हातात." मग त्याने जरा थांबून भर घातली, "पाकीट मोजायचं मात्र तिथंच. खोलीवर आल्यावर न्हाई."

वर गेलेले

वाट बंद आहे असं कुणी म्हणू नये. मुंबई एफसीतून खेळलेला राहुल भेके ईस्ट बंगालला गेला, पुढे बेंगळुरू एफसीला, आणि २०१९ च्या आयएसएल अंतिम सामन्यात, अंधेरीच्या मैदानावर, जादा वेळेत ११७ व्या मिनिटाला त्याच्याच हेडरने बेंगळुरू विजेता ठरला. २०२४ मध्ये कर्णधार म्हणून त्याने मुंबई सिटीला चषक जिंकून दिला. तोही बचावपटू. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळला आणि आयएसएलमध्ये स्थिरावला.

आणि खालिद जमील. एअर इंडिया, महिंद्रा आणि मुंबई एफसी, या तिन्ही विझलेल्या दिव्यांखाली खेळलेला माणूस. गुडघ्याने खेळ थांबवला, मग २००९ पासून मुंबई एफसीचा प्रशिक्षक. कमी पैशांत संघ तगवायचा, खाली घसरू द्यायचा नाही, एवढंच काम तो वर्षानुवर्षं करत राहिला. २०१६ मध्ये तिथून काढल्यावर तो मिझोरामला गेला आणि पुढच्याच हंगामात आयझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. त्याच हंगामात मुंबई एफसी खाली गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जमील भारताचा प्रशिक्षक झाला. त्याच्या संघांवर 'बचावात्मक' म्हणून टीका होते. ज्याने इतकी वर्षं बुडत्या नावेतलं पाणी उपसलं, तो आधी भोकं बुजवणारच.

२०२५ चा पावसाळा

जुलै २०२५ मध्ये आयएसएलच थांबली. लीग चालवणारी कंपनी आणि महासंघ यांच्यातला मुख्य करार डिसेंबरात संपत होता, पुढचं ठरत नव्हतं, म्हणून कंपनीने हंगाम लांबणीवर टाकला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. त्याच जुलैत आय-लीगचा विजेता कोण, हे स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात ठरलं. एप्रिलमध्ये चर्चिल ब्रदर्सला दिलेलं विजेतेपद इंटर काशीकडे गेलं.

वरच्या या भांडणाचा खाली काय परिणाम होतो? तो साखळीने होतो. आयएसएलमधला कडेचा खेळाडू घाबरून आय-लीगचा करार घेतो. आय-लीगमधला मग आय-लीग टूकडे किंवा राज्याच्या लीगकडे सरकतो. प्रत्येक पायरीवर कमी पैशांत जास्त नाव असलेला माणूस मिळतो म्हणून क्लब खूश, आणि सर्वांत खालच्या पायरीवरचा बाहेर. कोल्हापुरातही त्या वर्षी बाहेरून विचारणा करणारे वाढले, असं तालमीच्या एका पदाधिकाऱ्याने सांगितलं. "पूर्वी आम्ही फोन करायचो. आता त्यांचे येतात. रेट पण तेच विचारतात, काय देणार म्हणून."

ऑगस्टमध्ये मी पुन्हा गेलो तेव्हा गांधी मैदानावर पाणी साचलं होतं, दर पावसाळ्यात साचतं तसं. पोरं रंकाळ्याला धावायला जात होती. आमचा सेंटर बॅक सकाळी एका शाळेत फुटबॉल शिकवतो, संध्याकाळी लहान मुलांची बॅच घेतो. महासंघाचं डी लायसन्स त्याने केलंय, सी करायचं आहे. त्याला पैसे आणि मोकळा वेळ दोन्ही लागतात. खेळाडू आरक्षणातून नोकरीसाठी त्याने मध्ये अर्ज केला होता. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, पण त्यासाठी ठरावीक स्पर्धांतली पदकं आणि प्रमाणपत्रं लागतात. दहा वर्षं व्यावसायिक खेळलो, हे त्या तक्त्यात कुठेच बसत नाही.

तालमीची नोंदणी लांब आहे, पण बोलणी गणपतीपासूनच सुरू होतात. मी तिथं असतानाच दोन पदाधिकारी घरी आले. चहा झाला, मुलाच्या शाळेची चौकशी झाली, गेल्या हंगामातल्या एका पेनल्टीवरून पुन्हा वाद झाला. मग विषय निघाला. अजून एक वर्ष खेळ, बारक्या पोरांना मागून आवाज देणारा कुणीतरी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्याने रक्कम सांगितली नाही, आधी अटी सांगितल्या: अर्धे पैसे दिवाळीच्या आत, सलग दोन दिवस सामने नाहीत, आणि गुडघ्यासाठी जिमची वर्षाची फी तालमीने भरायची. पहिल्या दोन अटी त्यांनी जागेवर मान्य केल्या. जिमचं बघू म्हणाले. जवळपास जिम एकच आहे आणि तिचा मालक दुसऱ्या पेठेचा.